जमिनीखालची कोळशाची आग शोधायला शिकताना: आधी सोलापूर, मग झरिया

सोलापूर जिल्ह्यात जमिनीखाली कोळसा नाही. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली शेकडो मीटर काळा पाषाण. इथे जो कोळसा दिसतो तो रेल्वेच्या वाघिणींतून आलेला असतो, फताटेवाडी-आहेरवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पासाठी. मग कोळसा खाणीतली आग शोधायला सोलापूरकरानं का शिकावं, आणि शिकायचंच तर सोलापुरात बसून कसं, असं कुणीही विचारेल.

माझं म्हणणं असं की शिकायला हीच जागा सगळ्यात चांगली. उपग्रहाच्या चित्रांवरून आग शोधणाऱ्या नवख्या माणसाची फसगत बहुतेक वेळा नको तिथे आग दिसल्यामुळे होते. सोलापूरच्या नकाशावर जेवढे तापलेले ठिपके सापडतील त्यांतला एकही जमिनीखालच्या कोळशाचा असू शकत नाही. म्हणजे प्रत्येक ठिपक्यामागे काहीतरी दुसरं कारण आहे, ते शोधता येतं, आणि शंका आली तर मोटारसायकल काढून जाऊन बघताही येतं. इथे डोळा तयार झाला की झारखंडातल्या धनबादजवळच्या, कोळसा खाणींतल्या आगींसाठी ओळखल्या जाणाऱ्या झरियाकडे वळायचं. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना, नकाशांची आवड असलेल्यांना, विदर्भात किंवा झारखंडात खाणीवर नोकरीला निघालेल्या पोरांना हे जमण्यासारखं आहे. साधा लॅपटॉप आणि बऱ्यापैकी इंटरनेट लागतं. चित्रं आणि सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

आधी आगीचा स्वभाव

कोळशाला काडी लावावी लागत नाही. हवा लागली की तो सावकाश ऑक्सिजन शोषतो आणि त्यातून थोडी थोडी ऊब निघते. वारा खेळता असेल तर ती ऊब निघून जाते. हवा अजिबातच पोचत नसेल तर ऊब तयारच होत नाही. धोका या दोन्हींच्या मध्ये आहे: हवा झिरपतेय, पण उष्णता वाहून न्यायला पुरेशी नाही. ओलसर कडब्याची गंजी रचली गेली की आत हात घालून बघणारा आपल्याकडचा शेतकरी असाच हिशेब करत असतो.

जुन्या उथळ खाणी, कोळसा काढून तशाच सोडलेल्या पोकळ्या, छताला आधार म्हणून ठेवलेले कोळशाचे खांब, वरची जमीन खचून पडलेल्या भेगा, चोरून खणलेली बिळं, हे सगळं मिळून हवेला नेमकी तेवढीच वाट करून देतं. झरियात पहिल्या आगीची नोंद १९१६ सालची आहे. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७१ ते १९७३ या काळात झालं. त्याआधीच्या खासगी खाणमालकांपैकी अनेकांनी रिकाम्या पोकळ्यांत वाळू भरायचा खर्च केला नाही. ती बाकी अजून फेडली जातेय.

सरकारी आकड्यांनुसार झरियातल्या आगीच्या जागा ७७ वरून २७ वर आणि त्यांचं क्षेत्र ८.९ चौरस किलोमीटरवरून १.८ चौरस किलोमीटरवर आलं आहे. हे नवे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या पाहणीतले आहेत, म्हणजे तुम्ही जी पद्धत शिकणार आहात त्याच घराण्यातले. ते वाचताना एक बघा: ते ‘पृष्ठभागावरील’ आगीचे आकडे आहेत. खाली काय जळतंय आणि वर काय जाणवतंय यांत फरक असतो. सगळी मेख तिथेच आहे.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं

जमिनीची कातडी. बस. वरच्या थराचं तापमान, तेही ढग नसतील तर.

खडकातून उष्णता फार संथ चालते. ढोबळ हिशेब असा की १० मीटर खालची उष्णता नुसत्या खडकातून वर जाणवायला तीनेक वर्षं लागतात आणि २० मीटर खालची जाणवायला बारा-तेरा, कारण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. खोल आगीचा पत्ता आपल्याला लागतो तो भेगांतून वर येणाऱ्या गरम वायूंमुळे. भेग नसेल तर खाली वर्षानुवर्षं जळत असूनही चित्र थंड येतं. म्हणून ‘चित्रात काही नाही, म्हणजे खाली काही नाही’ असं वाक्य कधीही लिहू नका.

दुसरी अडचण पिक्सेलची. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांचा थर्मल (उष्णता टिपणारा) सेन्सर १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशा चौकोनाचं मिळून एकच तापमान देतो. हा चौकोन १०,००० चौरस मीटरचा. समजा त्यात एक मीटर रुंद आणि ५० मीटर लांब भेग आहे आणि तिचं तोंड ३०० अंश सेल्सिअसला तापलंय. बाकी जमीन २० अंशांवर. भेगेचा वाटा अवघा अर्धा टक्का. किरणांचा हिशेब मांडला तर अख्ख्या पिक्सेलचं तापमान वाढतं ते जेमतेम तीन अंशांनी! डाळ शिजेल अशी भेग, आणि नकाशावर तीन अंश. उन्हात पडलेला नांगरट शेताचा तुकडा याच्या कितीतरी पट फरक दाखवतो.

पहिली पायरी: चित्रं आणणं

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा. लँडसॅट ८ (२०१३ पासून) आणि लँडसॅट ९ (२०२१ पासून) हे दोन्ही उपग्रह प्रत्येकी १६ दिवसांनी त्याच जागेवर येतात, दोन्ही मिळून ८ दिवसांनी. आपल्याकडे ते सकाळी साधारण दहा ते अकराच्या दरम्यान जातात. ‘कलेक्शन २, लेव्हल २’ मागा. त्यात जमिनीचं तापमान काढून दिलेलं असतं, फक्त ते सरळ अंशांत नसतं. फाईलमधल्या आकड्याला ०.००३४१८०२ ने गुणा, त्यात १४९ मिळवा, मग २७३.१५ वजा करा. पिक्सेलचा आकडा ४५,००० असेल तर उत्तर येतं सुमारे २९.७ अंश सेल्सिअस. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमधल्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये हे एका ओळीचं काम आहे. उत्तर उणे १२४ च्या आसपास येऊ लागलं तर घाबरू नका, ते चित्राबाहेरचे रिकामे पिक्सेल असतात.

फाईलमधले पिक्सेल ३० मीटरचे दिसतात. ते नुसते बारीक कापलेले असतात, मूळ मोजमाप १०० मीटरचंच. तेव्हा दोन शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकावरून आगीची हद्द आखण्याचा मोह आवरा.

याच्या जोडीला दोन गोष्टी ठेवा. एक, युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं. त्यातले बँड (वेगवेगळ्या प्रकाशलहरींत टिपलेली चित्रं) ११ आणि १२ हे २० मीटरचे आहेत. उघडी ज्वाला किंवा लालबुंद निखारे असतील तर ते या बँडमध्ये चमकतात, नुसती कोमट जमीन चमकत नाही. दोन, नासाची फर्म्स सेवा. तिच्यावर व्हिअर्स सेन्सरचे ३७५ मीटरचे आगीचे ठिपके दिवसाउजेडी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास असे रोज येतात. फर्म्स बघायला सगळ्यात सोपी, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

दुसरी पायरी: सोलापूरची गरम यादी

मे महिन्यातलं, ढग नसलेलं एक चित्र घ्या. शहर, होटगी, दक्षिण सोलापूर, मोहोळपर्यंतचा भाग कापून घ्या आणि सगळ्यात तापलेले वीसेक ठिपके वेगळे काढा. प्रत्येकापुढे कारण लिहायचं. सॅटेलाईट फोटोवर झूम करून बघा, लागल्यास चार-पाच वर्षं मागचे फोटो बघा.

पहिला धक्का असा बसेल की यादीत बहुतेक रानंच असतील. उन्हाळ्यात मोकळी पडलेली काळी जमीन सकाळी दहालाच एवढी तापते की तिच्यापुढे कारखाने फिके पडतात. एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प, त्याचे ६६० मेगावॅटचे दोन संच, एवढी आग पोटात असूनही दिवसाच्या चित्रात शेजारच्या नांगरट रानापेक्षा थंड दिसू शकतो. भट्टी आत बंद असते आणि चिमणीचं तोंड पिक्सेलच्या मानानं नगण्य.

एमआयडीसीतल्या यंत्रमागाच्या शेडकडे नीट लक्ष द्या, त्यात गंमत आहे. कोरा चकचकीत पत्रा थर्मल चित्रात खऱ्यापेक्षा बराच थंड दिसतो, कारण तो उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. तोच पत्रा गंजला किंवा रंगवला की एकदम गरम दिसू लागतो. आणि सेंटिनेलच्या बँड १२ मध्ये उलटंच, उन्हाची तिरीप परावर्तित करून नवा पत्रा आगीसारखा झळकतो. सोलर पॅनेलचंही असंच. हे एकदा स्वतःच्या ओळखीच्या रस्त्यावर बघितलं की पुढे धनबादच्या गोदामावर ‘आग’ असं लिहायची पाळी येत नाही.

आता तीच जागा डिसेंबर-जानेवारीच्या चित्रात बघा. रानांची यादी कोसळते. जे ठिपके दोन्ही ऋतूंत टिकतात ते बाजूला ठेवा. हिप्परगा तलाव आणि सिद्धेश्वर तलाव दोन्ही चित्रांत शोधून त्यांचं तापमान टिपून ठेवायची सवय लावा. पाणी संथपणे तापतं, त्यामुळे दोन तारखांची चित्रं एकमेकांशी ताडून बघायला त्याचा आधार होतो.

मग फर्म्सचं वर्षभराचं संग्रहित दप्तर उतरवून घ्या आणि ठिपके महिन्यांप्रमाणे रंगवा. इथे सोलापूरचं पंचांग उघडं पडतं. उसाचं पाचट जाळलेलं रान एकदा दिसतं, परत त्या जागी नाही. साखर कारखान्याच्या परिसरातली उष्णता गाळप हंगामाबरोबर येते आणि जाते. वीटभट्टी पावसाळ्यात विझते. कारखान्याची कायमची भट्टी वर्षभर असते, पण जागा मीटरभरही हलत नाही. आणि शहराचा तुळजापूर रोडवरचा कचरा डेपो! नवख्यांसाठी यापेक्षा चांगला धडा नाही. ढीग आतून धुमसतो, वरून पाणी मारलं तरी दुसऱ्या बाजूनं धूर निघतो, पावसानंतर वाफ दिसते, चार महिन्यांनी जागा थोडी सरकते. कोळशाच्या आगीचं वागणं जवळपास असंच असतं: वर्षभर टिकते, आकार वेडावाकडा, आणि अगदी हळू सरकते.

संग्रहित व्हिअर्स दप्तरात ‘टाईप’ नावाचा रकाना असतो. त्यात ० म्हणजे झाडझाडोरा किंवा शेतातली आग, १ ज्वालामुखी, २ म्हणजे जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत, ३ समुद्रातला. सोलापूरच्या २ क्रमांकाच्या ठिपक्यांना स्वतः कारण देऊन बघा. रोजच्या ताज्या दप्तरात हा रकाना नसतो, म्हणून घाईघाईत ताज्या ठिपक्यांवर काही ठरवायचं नाही.

तिसरी पायरी: रात्र

उन्हाचा गोंधळ टाळायचा एकच रामबाण उपाय, रात्रीचं चित्र. पहाटेचं मिळालं तर उत्तम. हिवाळ्याच्या पहाटे दिवसाची साठलेली उष्णता जवळपास उतरलेली असते आणि जी जागा तरीही उबदार राहते तिच्याकडे संशयानं बघायला हरकत नाही. लँडसॅटची रात्रीची चित्रं सगळीकडची नसतात. अर्थएक्सप्लोररच्या जादा निकषांत दिवस-रात्र निवडायची सोय आहे, तिथे शोधा. रात्रीचं चित्र सहसा लेव्हल १ स्वरूपात हाती येतं, मग सोबतच्या माहिती-फाईलमधले स्थिरांक वापरून तापमान स्वतः काढावं लागतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २०१८ पासून बसवलेल्या इकोस्ट्रेस या उपकरणाची चित्रं सुमारे ७० मीटरची आहेत आणि ती दिवसाच्या कुठल्याही वेळेची मिळतात, पहाटेचीही. मी निवडायचं झालं तर दिवसाच्या दहा चित्रांपेक्षा हिवाळ्यातलं एक पहाटेचं घेईन.

अमुक अंशांच्या वर म्हणजे आग, असा ठरीव आकडा नसतो. त्या रात्रीच्या, त्याच भागातल्या साध्या जमिनीचं सरासरी तापमान आणि त्यातला चढउतार (प्रमाण विचलन) काढा, आणि सरासरीपेक्षा प्रमाण विचलनाच्या दुप्पट-तिप्पट वर असलेले पिक्सेल उचला. हा भाग निवडताना तलाव आणि वस्ती वगळा, नाहीतर सरासरीच बिघडते.

चौथी पायरी: झरिया

आता नकाशा २३.७५ उत्तर, ८६.४ पूर्व इथे न्या. सुमारे ४५० चौरस किलोमीटरचं कोळसा क्षेत्र, दक्षिणेला दामोदर नदी. तापमानाचा नकाशा उघडण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरून इथला भूशास्त्रीय नकाशा घ्या आणि बराकर थर कुठे उघडे पडलेत ते बघा. आपल्याकडचा गोंडवाना कोळसा मुख्यतः या थरांत आहे. तापलेला ठिपका बराकरवर नसेल, किंवा जवळपास खाणकामाचा मागमूस नसेल, तर तो आधीच कमी संशयाच्या यादीत टाका. निम्मं काम इथे संपतं.

उरलेल्यांची गाळणी सोलापूरसारखीच, नावं फक्त वेगळी. पाचटाच्या जागी इथे हार्ड कोकच्या भट्ट्या, वीज केंद्रं, सरळ उन्हाकडे तोंड करून असलेले ओव्हरबर्डनचे (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांचे) डोंगर. सकाळच्या चित्रात या काळ्या ढिगाऱ्यांची आग्नेयेकडची उतरण हमखास पेटल्यासारखी दिसते. दुसरी बाजू थंड असेल तर ते ऊन समजा. वस्त्यांभोवती लोक उघड्यावर कोळशाचे छोटे ढीग पेटवून भाजका कोळसा तयार करतात आणि सायकलवर लादून विकायला नेतात. तो धूर खरा असतो, आगही खरी, फक्त जमिनीखालची नसते.

यातून गाळून जे उरेल ते थराच्या उघड्या काठाला धरून ओळीनं दिसतंय का बघा. आग कोळशाच्या मागे जाते, म्हणून तिची रांग थराच्या दिशेनं असते. निदान तीन हिवाळ्यांची चित्रं एकावर एक ठेवा. जागा टिकली आणि थोडी सरकली तर नोंद पक्की व्हायला लागते. सेंटिनेल-१ च्या रडार चित्रांवरून जमीन खचल्याचं काही सेंटिमीटरपर्यंत कळतं; ते शिकायला वेळ लागतो, पण उष्णता आणि खचणं एकाच जागी सापडलं तर त्याच्याइतका दुसरा पुरावा घरबसल्या मिळत नाही.

काही वेळा आग चित्रातून नाहीशी होते. ती विझलेली असेल किंवा वर मातीचा थर पसरलेला असेल, किंवा अख्खा भाग खणून खुली खाण केलेली असेल. जुने फोटो बघितल्याशिवाय यातलं काय झालं ते कळत नाही.

विदर्भाबद्दल

आपल्या राज्यातला कोळसा वर्धा खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर भागात सराव करायचा तर लक्षात ठेवा की उन्हाळ्यात चंद्रपूर सोलापूरपेक्षाही तापतं, आणि महाऔष्णिक केंद्र, सिमेंट, स्पंज आयर्न सगळं खाणींच्या अंगणातच आहे. साठवलेल्या कोळशाचे ढीगही आपोआप धुमसतात, म्हणून स्टॉकयार्डात पाणी मारतात आणि ढीग दाबून ठेवतात. झरियानंतरच इकडे या.

जागेवर जाण्याबद्दल

जाऊ नका. खाणक्षेत्रात परवानगीशिवाय शिरणं बेकायदा आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा की वरून कडक दिसणारी जमीन खाली जळून पोकळ झालेली असू शकते. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, सखल जागी ऑक्सिजन कमी झालेला असतो, आणि रुमाल बांधून यातलं काहीही टळत नाही.

नोकरीनिमित्त अधिकृतपणे गेलात तर वाटाड्या म्हणून सरदार किंवा ओव्हरमन (खाणीतले देखरेख करणारे कर्मचारी) सोबत असेलच, त्याचं ऐका. बघायच्या खुणा अशा: भेगेच्या कडेला पिवळे-पांढरे क्षार, डांबरासारखा किंवा गंधकाचा वास, भाजून विटेसारखा लाल झालेला खडक, बाकी हिरवळ असताना वाळलेला पट्टा, पावसानंतर किंवा थंड सकाळी वाफ. बंद केलेल्या भागांतल्या हवेची तपासणी हे खाणीतल्या लोकांचं मुख्य हत्यार आहे. त्यात ग्रॅहॅम गुणोत्तर बघतात: तयार झालेला कार्बन मोनॉक्साईड भागिले कमी झालेला ऑक्सिजन, गुणिले शंभर. हवेतल्या नायट्रोजनच्या ०.२६५ पटीतून उरलेला ऑक्सिजन वजा केला की ऑक्सिजनची घट मिळते. उत्तर अर्ध्यापर्यंत असेल तर सहसा चिंता नाही, १ च्या पुढे चौकशी, २ च्या पुढे गंभीर, ३ च्या पुढे चालू आग समजतात. एका नमुन्यापेक्षा आकड्याचा चढ महत्त्वाचा. उपग्रहाला जे वर्षांनी कळेल ते इथे कधी कधी दिवसांत कळतं.

नोंद कशी लिहायची

प्रत्येक जागेला एक पान. अक्षांश-रेखांश, चित्राची तारीख आणि वेळ, कुठला उपग्रह, आसपासच्या जमिनीपेक्षा किती अंश जास्त, किती हिवाळ्यांत दिसली, थराशी नातं, आणि कुठली कुठली दुसरी कारणं तपासून बाद केली. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर नोंद पाठवू नका. मथळ्यात ‘उष्ण जागा’ लिहा. ‘आग’ हा निर्णय जागेवर मोजमाप करणाऱ्यांचा. वस्तीखालची जागा असेल तर नकाशा व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. तिथे लोक राहतात, पुनर्वसनाचे, घरभाड्याचे, जमिनीचे तंटे आधीच चालू आहेत, आणि सोलापुरातून टाकलेला लाल ठिपका तिथल्या कुणाच्या तरी दारात जाऊन पडतो. नोंद जिल्हा प्रशासनाला, त्या खाणीच्या व्यवस्थापनाला आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाला पाठवा, मूळ फाईलींच्या नावांसह, म्हणजे त्यांना तुमचा हिशेब पुन्हा करून बघता येईल.